चढ, उतार आणि एक सर्वनाम

भंडारा जिल्ह्यात राहणाऱ्यांनी चढाविषयी लिहावे, हे थोडे धाडसाचेच. वैनगंगेच्या खोऱ्यातला आमचा मुलूख धानाच्या बांध्यांचा आणि जुन्या तलावांचा. उत्तरेस तुमसरच्या बाजूला अंबागड, गायमुख येथे सातपुड्याच्या टेकड्या डोके वर काढतात खऱ्या; पण शहरातून पहाटे धावायला निघणाऱ्याच्या वाट्यास येणारा मोठ्यात मोठा चढ म्हणजे तलावाच्या पाळीवर जाणारी वाट. अशा सपाटीवर आम्ही दोघे काही वर्षे बरोबर धावत होतो. एक मराठीचे अध्यापक, दुसरे भूगोलाचे. भूगोलाचे सर पंधरा वर्षांनी वडील. तरीही दोघांची गती एक, श्वास एक, आणि बोलताना सर्वनामही एकच : ‘आम्ही’. आम्ही आज अठरा किलोमीटर केले, आम्ही जानेवारीत मुंबईला जाणार, असे.

हे सर्वनाम २०१८ च्या जानेवारीत पेडर रोडवर तुटले.

मुंबई मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर. त्यातली पस्तीसएक किलोमीटर पायांखालून गेल्यावर, हाजी अली मागे पडल्यानंतर, हा चढ समोर आला. एरवी मोटारीतून जाणाऱ्यास तो जाणवणारही नाही. परंतु तोवर शरीरातली शिल्लक संपत आलेली असते आणि ऊन चढलेले असते. भूगोलाचे सर चालू लागले. “तुम्ही व्हा पुढे, सर,” एवढेच म्हणाले. मराठीचे सर पुढे झाले. मनगटावरच्या घड्याळात एक आकडा त्यांना खुणावत होता, तो गाठलाही. शेवटच्या रेषेपलीकडे दोघांनी एकमेकांचे अभिनंदन केले आणि परतीच्या गाडीत त्या चढाविषयी अवाक्षर काढले नाही. पुढचे कित्येक महिनेही नाही.

साताऱ्याला जाण्याचा प्रस्ताव भूगोलाच्या सरांचा. कारण त्यांनी दिले ते शास्त्रीय होते. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आपल्या धावपटूंना दर आठवड्यास ऑकलंडजवळच्या वायटाकेरे डोंगरांतून सुमारे पस्तीस किलोमीटर धावायला लावीत. त्यांत अवघ्या ८०० मीटरच्या शर्यतीचे पीटर स्नेलही होते. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेल आणि ५००० मीटर धावणारे मरे हॅलबर्ग यांनी एकाच दिवशी सुवर्णपदके जिंकली, तर त्याच गटातल्या बॅरी मगी यांनी मॅरेथॉनचे कांस्यपदक मिळवले. “सपाटीवर पेडर रोडची तयारी होत नसते,” असा सरांनी समारोप केला. त्या वर्षात पेडर रोडचा आमच्यात झालेला हा पहिला उल्लेख.

गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस आमच्या भंडारा रोड स्थानकावरही थांबते आणि साताऱ्यालाही. सकाळी बसावे आणि एक दिवस, एक रात्र राज्याची सारी रुंदी पाहत जावे. काळी जमीन लाल होत जाते, भाषेचे हेल बदलतात. एवढा प्रवास कशासाठी, तर एकवीस किलोमीटर धावण्यासाठी, आणि तेही सराव म्हणून! शेजारच्या प्रवाशाला हे समजावून सांगताना आम्हांलाच ते नीट समजेनासे झाले.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासूनची. शहरातून निघायचे, यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचे, आणि अर्धे अंतर झाल्यावर वळून त्याच वाटेने उतरायचे. म्हणजे पहिला अर्धा भाग बहुतेक चढाचा, दुसरा बहुतेक उताराचा. पावसाळ्यातली सकाळ होती. खाली अजिंक्यतारा धुक्यात अर्धा बुडालेला. सपाटीवर आम्ही किलोमीटरला किती मिनिटे लागली हे पाहून स्वतःस ओळखत आलो होतो. घाटात हे माप निरुपयोगी ठरले. तिथे सांभाळायचा तो श्वास, गती नव्हे. आणि दोन माणसांचा श्वास एक राहत नाही, हेही पहिल्याच वळणावर कळले. या खेपेस मात्र आम्ही आधीच ठरवले होते की चढावर ज्याने त्याने आपल्या दमाने जायचे. मराठीचे सर पुढे गेले ते ठरल्याप्रमाणे गेले. त्यात ‘सोडून जाणे’ नव्हते.

चढाचे भय वाटते म्हणून माणूस त्याची तयारी करतो. उतारास कोणी भीत नाही. वास्तविक उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलत असतात. एरवीपेक्षा ही इजा अधिक, आणि तिची खरी वेदना एक-दोन दिवसांनी वर येते. ज्यांनी ती पूर्वी सोसली आहे त्यांच्या स्नायूंना पुढच्या वेळी ती कमी होते, म्हणूनच असा उतार हाही सरावाचा भाग. मराठीच्या सरांनी हे वाचले होते, पण वाचलेले मांड्यांपर्यंत पोचले नव्हते. ते उतारावर सुसाट सुटले आणि सतराव्या किलोमीटरला कठड्याशी उभे राहिले. दोन्ही मांड्यांत गोळे.

काही मिनिटांनी मागून ओळखीची पावले आली. लहान, एकसारखी. भूगोलाचे सर थांबले, पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाले, “आपण चालू या.”

मराठीने प्रथमपुरुषी अनेकवचनात एक भेद जपला आहे. वर्गात तो आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो : ‘आम्ही’मध्ये ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’मध्ये तो आत येतो. इतकी वर्षे जगाला सांगताना आमचे ‘आम्ही’ बरोबरच होते. पण एकमेकांशी बोलताना लागते ते ‘आपण’, आणि त्याची गरज सपाटीवर कधी पडलीच नव्हती. तेथून पुढे आम्ही बराच वेळ चाललो, आणि बोललो ते पेडर रोडविषयी. कोण काय चुकले याचा निवाडा झाला नाही. दुसऱ्या दिवशी गाडीत दोघांनाही बाकावरून उठताना हाताचा आधार घ्यावा लागला, याचे मात्र हसू आले.

२०१९ च्या जानेवारीत तोच चढ पुन्हा समोर आला. भूगोलाचे सर या वेळीही चालले, मराठीचे सर या वेळीही पुढे गेले. केम्प्स कॉर्नरपाशी ते कडेला उभे राहिले. घड्याळाचे आकडे पुढे सरकत होते. चार-साडेचार मिनिटांनी गर्दीत पांढरी टोपी दिसली.

“कशाला थांबलात?” सरांनी विचारले.

“उतार आहे पुढे,” मराठीचे सर म्हणाले. “आपण हळू जाऊ.”