मोबाइलच्या पानावरचे रकाने

वेबपानावरचा मजकूर शेजारी शेजारी उभ्या पट्ट्यांत बसवला, की त्या मांडणीला ग्रिड म्हणतात आणि एकेका पट्टीला रकाना. संगणकाच्या पडद्यावर चार-पाच रकाने ऐसपैस मावतात. मोबाइलची रुंदी मात्र साधारण ३६० ते ४३० पिक्सेल असते आणि तिथे दोन रकाने बसवतानाही काटेकोर हिशेब करावा लागतो. हे पिक्सेल म्हणजे पडद्यावरचे प्रत्यक्ष ठिपके नव्हेत, तर ब्राउझरचं मोजमापाचं एकक.

ब्राउझरला खरी रुंदी कळवावी लागते, ही यातली पहिली गोष्ट. २००७ साली आयफोन आला तेव्हा जवळपास सगळी पानं संगणकासाठी बांधलेली होती. म्हणून त्याचा ब्राउझर पान ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरून मांडायचा आणि मग आक्रसून दाखवायचा. व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग घातला तरच तो फोनच्या रुंदीशी जुळवून घ्यायचा. आजही हा टॅग राहून गेला, तर पुढची सगळी मेहनत मुंगीच्या अक्षरांत दिसते.

२०१० साली वेब डिझायनर ईथन मार्कॉट यांनी ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’, म्हणजे पडद्याच्या रुंदीनुसार बदलणारी मांडणी, ही संज्ञा रूढ केली. त्या काळात रकाने फ्लोटने बांधले जात. फ्लोट मुळात चित्राच्या कडेने मजकूर वाहता ठेवण्यासाठी. त्यावर अख्ख्या पानाचा डोलारा उभा केला जाई. मी शिकलो तो याच पद्धतीवर. पहिलं काम होतं दिवाळी अंकांच्या यादीचं: प्रत्येक अंकाचं मुखपृष्ठ, खाली नाव, खाली किंमत, आणि फोनवर एका ओळीत दोन कार्डं. प्रत्येक कार्डाला ५० टक्के रुंदी दिली, तरी दुसरं कार्ड खालीच घसरत होतं. कारण साधं होतं. ब्राउझर रुंदी फक्त आतल्या मजकुराची धरतो आणि पॅडिंग, म्हणजे मजकुराभोवतीची मोकळी जागा, वरून मिळवतो. त्यामुळे दोन कार्डं मिळून शंभर टक्क्यांच्या पुढे जात. बॉक्स-साइझिंगला बॉर्डर-बॉक्स सांगितलं, की पॅडिंग रुंदीच्या आत धरलं जातं. एवढं कळायला मला एक अख्खी रात्र लागली होती.

ते सुटलं आणि दुसरं निघालं. पहिल्या अंकाचं नाव तीन ओळींचं, दुसऱ्याचं एका ओळीचं. तिसरं कार्ड नव्या ओळीत डावीकडे जायचं, ते पहिल्या कार्डाच्या कडेला अडकून उजवीकडेच राहिलं. यादीचा क्रम विस्कटला. उंची सारखी नसेल तर फ्लोट हे असंच करतो.

सीएसएस ग्रिडने हा प्रश्न मुळातून सोडवला. मार्च २०१७मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिन्ही ब्राउझरांत तो आला. यात रकाने आणि ओळी आधी आखल्या जातात आणि कार्डं त्या चौकटींत बसतात. एका ओळीतली कार्डं आपोआप सारख्या उंचीची होतात. रिकाम्या जागेच्या वाट्याला एफआर हे एकक आहे. सगळ्यात उपयोगी जोडी म्हणजे ऑटो-फिट आणि मिनमॅक्स. रकाने किती, हे सांगायचंच नाही. एक रकाना किमान किती रुंद हवा एवढंच सांगायचं.

समजा किमान रुंदी १५० पिक्सेल, दोन रकान्यांतलं अंतर १२ आणि पानाच्या दोन्ही कडांना १६ सोडलेले. ३६०च्या फोनवर ३२८ उरतात. त्यात दोन रकाने बसतात, प्रत्येकी १५८चे. ३२०च्या जुन्या फोनवर उरतात २८८. दोन रकान्यांना ३१२ लागतात, म्हणून तिथे एकच रकाना होतो. ७६८च्या टॅब्लेटवर कोडच्या त्याच ओळीतून चार निघतात. फोनच्या रुंदीनुसार वेगवेगळ्या मीडिया क्वेरी, म्हणजे ‘रुंदी इतकी असेल तर असं मांड’ असे नियम, लिहीत बसण्यापेक्षा ही रीत कितीतरी सरस आहे, कारण फोन दरवर्षी बदलतात, पण मुखपृष्ठ किती लहान झालं की वाचता येत नाही, ते बदलत नाही.

मराठी पानाला यात एक वेगळी अडचण येते. आपले शब्द जोडून आणि प्रत्यय लागून लांब होतात. दोन रकाने नुसत्या १ एफआरने आखले, तर त्यांची किमान रुंदी आतला सगळ्यात लांब शब्द ठरवतो. एका विशेषांकाच्या नावात ‘स्वातंत्र्योत्तरकालीन’ हा शब्द ठळक, मोठ्या अक्षरांत होता. तेवढ्या एका शब्दाने डावा रकाना वरपासून खालपर्यंत रुंद झाला आणि उजवीकडची सगळी मुखपृष्ठं अंग चोरून बसली. मिनमॅक्समध्ये किमान शून्य दिलं की रकाने पुन्हा सारखे होतात, पण मग शब्द कार्डाबाहेर डोकावतो. ओव्हरफ्लो-रॅप लावून तो तोडता येतो. मात्र मधेच तुटलेला मराठी शब्द वाचताना ठेच लागते. अशा वेळी अक्षर दोन-तीन पिक्सेलांनी लहान करावं, आणि तेही पुरलं नाही तर सरळ एकच रकाना ठेवावा. नावं दोन ओळींत छाटताना ओळींमधलं अंतरही सैल हवं, अक्षराच्या दीडपट तरी. नाहीतर दुसऱ्या ओळीतले उकार कापले जातात आणि ‘मुलूख’चा ‘मलख’ होतो.

कार्डांची जागा ऑर्डर या गुणधर्माने बदलता येते, पण ती फक्त डोळ्यांपुरती. पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मूळ कोडच्याच क्रमाने वाचतं. म्हणून क्रम एचटीएमएलमध्येच नीट लावावा. शेजारच्या कार्डांतली नावं आणि किमती एका रेषेत हव्या असतील तर सबग्रिड वापरावा, म्हणजे कार्डाच्या आतला मजकूरही बाहेरच्या ग्रिडच्याच ओळींवर बसतो. क्रोममध्ये तो २०२३ साली आला आणि तेव्हापासून तिन्ही प्रमुख ब्राउझरांत चालतो. अंकांच्या त्या यादीत आता तीन ओळींच्या नावाखालची किंमत आणि एका ओळीच्या नावाखालची किंमत एकाच पातळीवर येते.