माझ्याकडे तर चालत होते!

तीस वर्षे मास्तरकी केल्यामुळे सबबी ओळखण्यात माझा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नाही, अशी माझी समजूत होती. ‘गुरुजी, गणित घरी सुटलं होतं,’ ही त्यांतली सर्वांत जुनी. घरी सुटते आणि फळ्यापाशी अडते, ते गणित सुटलेलेच नसते, असे मी मुलांना बजावीत असे. निवृत्तीनंतर तीच सबब माझ्या ओठांवर येईल, आणि तीही आबांच्या विहिरीच्या काठावर, हे कुणा ज्योतिष्याने सांगितले असते तरी मी मानले नसते.

आमचे केंदूर शिरूर तालुक्यातले, कान्हुराज महाराजांचे गाव. येथे पाणी तुटपुंजे आणि शेतीची वीज येते ती पुष्कळदा रात्री. शेजारीच पाबळ. डॉ. श्रीनाथ कलबाग या शास्त्रज्ञांनी १९८३ साली तेथे विज्ञान आश्रम काढला. हाताने काम करीत करीत शिकावे, हा त्यांचा मंत्र. २००२ साली अमेरिकेतल्या एम.आय.टी.च्या साहाय्याने तेथे फॅब लॅब उभी राहिली; त्या संस्थेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. अशा शेजाऱ्याचा वारा लागल्यावर म्हाताऱ्या मास्तराच्या हाती कथिल आणि डाग देण्याची कांडी आली, तर नवल ते काय?

मी विहिरीवरच्या मोटारींसाठी पेट्या करू लागलो. आत बोटाच्या पेराएवढी ईएसपी-३२ ही चिप. मोटार किती अँपिअर वीज ओढते हे ती सारखे पाहते. पाणी असताना आठेक अँपिअर. पाणी संपले की साडेचारावर. सहाच्या खाली गेले की मोटार बंद करावयाची, एवढाच तिला हुकूम. पाण्यातली मोटार पाण्यानेच थंड राहते, कोरडी फिरली की जळते. अशा अकरा पेट्या गावात बसल्या आणि मला उगाचच इंजिनिअर झाल्यासारखे वाटू लागले.

त्याचे असे झाले. माझा लॅपटॉप बिघडला, तो पुसून सारे काही नव्याने भरावे लागले. मग एक किरकोळ सुधारणा करून मी आबांच्या पेटीत नवा प्रोग्रॅम चढवला. दिवा लागला, मोटार चालली, चहा झाला. चार दिवसांनी रात्री विहीर आटली आणि मोटार पहाटेपर्यंत कोरडी फिरून जळाली. कांदा पोसण्याची ऐन वेळ. मोटार भरून येईपर्यंत आठ दिवस पिकाला पाणी नाही.

दोष कोठे होता? वीज मोजणारी जी तयार लायब्ररी मी वापरीत असे, तिची नवी आवृत्ती लॅपटॉपवर येऊन बसली होती. जुनी अँपिअरमध्ये आकडा देई, नवी मिलिअँपिअरमध्ये. साडेचाराचे झाले साडेचार हजार! ते सहाच्या खाली कसे जाणार? ‘माझ्याकडे तर चालत होते,’ हे शब्द ओठांवर आले, तेवढ्यात आबाच म्हणाले, “इजंनं घात केला बघा, मास्तर.” आणि मी मान डोलावली. ती मान डोलावणे मला पुढे पंधरा दिवस झोप देईना.

पुण्याहून आलेल्या पुतण्याला मी हे सारे सांगितले. तो म्हणाला, “काका, तुमचा प्रोग्रॅम चुकला नाही. ज्या चुलीवर शिजवला ती चूल बदलली.” त्याने कंटेनरची युक्ती दाखवली. शिक्रापूर-चाकण रस्त्यावर दिसतो तो लोखंडी नव्हे. डॉकर नावाने २०१३ साली जगापुढे आला तो. मला वारीचा दाखला सुचला. दिंडी स्वतःची चूल, भांडी, तिखटमीठ बरोबर घेऊन निघते. म्हणून मुक्काम सासवडचा असो की फलटणचा, पिठल्याची चव तीच. तसे कंपायलर, लायब्ऱ्या, सारे एका पेटाऱ्यात ठरलेल्या आवृत्त्यांसह बांधावयाचे. ‘सर्वांत नवी असेल ती आण’ असे मोघम लिहावयाचे नाही. अमुक क्रमांकाचीच आण, असे लिहावयाचे.

पण चूल एक झाली तरी चव घेणारा हवा. तो म्हणजे सतत चालणारा तपासनीस. मी एक ओळ बदलून पाठवली की दूरच्या संगणकावर तो पेटारा उघडतो आणि प्रोग्रॅम नव्याने तयार होतो. मग तो आमच्या ओट्यावरच्या लहानशा संगणकाकडे येतो. तेथे एक चाचणीची चिप आहे, आणि दुसरी चिप तिला खोटी वीज दाखवते : आधी आठ अँपिअर, मग साडेचार. म्हणजे ओट्यावरची खोटी विहीरच! पहिलीने मोटार तोडली नाही की तांबडी खूण. यात आमची फजितीही झाली. पेटारा चहूबाजूंनी बंद, त्याला यूएसबीची तार दिसेचना; तिच्यापुरती वाट मुद्दाम ठेवावी लागली. तार काढून लावली की तिचे नावही बदले. मग जागेच्या नावाने हाक मारणे सोडून तिच्या स्वतःच्या कायम ओळखीने हाक मारू लागलो.

पहिल्या दिवशी पुतण्याने मुद्दाम माझा जुना प्रोग्रॅम नव्या लायब्ररीसह खोट्या विहिरीत सोडला. तांबडी खूण उमटली. तिच्यासमोर तारीख, वेळ आणि माझे नाव. इतकी स्वच्छ उत्तरपत्रिका मी आयुष्यात तपासली नव्हती.

त्याच संध्याकाळी आबांच्या ओसरीवर जाऊन सांगितले, “आबा, घात विजेनं नाही केला, मी केला. मोटारीचा खर्च माझा.” आबा बराच वेळ तंबाखू मळत राहिले. मग म्हणाले, “त्या दिशीच सांगायचं व्हतं. म्या त्या वायरमनला किती शिव्या दिल्या!”

आता नवा प्रोग्रॅम वायफायवरून घरबसल्या अकराही पेट्यांत धाडता येतो. चिपमध्ये दोन कप्पे असतात. नवा एकात उतरतो, आणि सुरू होऊन त्याने ‘मी ठीक आहे’ असे कळवले नाही तर जुना परत येईल, अशी सोय करता येते. तरी शेवटची पायरी मी यंत्राला दिलेली नाही. खोटी विहीर पास झाली तरी खऱ्या विहिरीवर मालक उभा असल्याशिवाय प्रोग्रॅम चढत नाही. पुतण्या याला मागासलेपणा म्हणतो. म्हणो बापडा.

परवा आबांच्या पेटीत नवी आवृत्ती उतरली. पडद्यावर तिचा क्रमांक आला. आबांनी तो दोनदा मोठ्याने वाचला आणि घरात जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहून ठेवला. शेजारी, मला दिसेल अशा अक्षरात, लिहिले : ‘मास्तर हजर.’