सुप्याचा ‘का’ आणि जपानचा ‘का’

मित्रांनो, नगरहून पुण्याला जाणाऱ्या एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली, तर केडगाव, चास, कामरगाव मागे पडल्यावर झोपू नका बरं! हा पारनेर तालुका. पाऊस इथे बेताचाच. ज्वारी-बाजरीची रानं, मधूनमधून उघडा माळ आणि डोंगरमाथ्यावर गरगरणाऱ्या पवनचक्क्या. पाहता पाहता सुपे गाव येतं आणि रस्त्याकडेला कारखान्यांच्या मोठाल्या पाट्या दिसू लागतात.

ही सुप्याची एमआयडीसी. कारखाने काय, पुष्कळ गावांत असतात. पण सुप्याचं नाव एका खास यादीत आहे. २०१५ साली भारत आणि जपान या दोन देशांनी ठरवलं, की जपानी कंपन्यांसाठी भारतात काही औद्योगिक वसाहती उभारायच्या. महाराष्ट्रातून त्या यादीत आलं ते आपलं सुपे! जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण एसटीत अजूनही ‘एक नगर द्या’ असंच ऐकू येतं. तर या नगरच्या माळावर जपान येऊन बसलाय.

आता एक चित्र डोळ्यांसमोर आणा. मधे एक मशीन. एका बाजूला जपानहून आलेले इंजिनीअर, दुसऱ्या बाजूला आयटीआय करून नुकताच कामाला लागलेला पारनेरचा एखादा दादा. त्यांची भाषा जपानी, याची मराठी. मग बोलायचं कशात? इंग्रजीत! आणि गंमत अशी, की इंग्रजी दोघांनाही परकी. दादाच्या पोटात गोळा आलाय, तसाच तो साहेबांच्याही पोटात आलाय.

‘काहीतरीच! जपानी माणूस आणि इंग्रजीला घाबरणार?’ असं तुम्ही म्हणाल. पण अगदी खरं आहे. जपानमध्ये सगळी मुलं शाळेत वर्षानुवर्षं इंग्रजी शिकतात. व्याकरण पाठ, शब्द पाठ, पेपरात मार्कही चांगले. बोलायची वेळ आली की मात्र तोंडाला कुलूप! चुकलो तर लोक काय म्हणतील? ओळखीची वाटते ना ही भीती? म्हणून तिथे गल्लोगल्ली इंग्रजी संभाषणाचे क्लास निघाले. त्यांना म्हणतात ‘एइकाइवा’. ‘एइ’ म्हणजे इंग्रजी, ‘काइवा’ म्हणजे संभाषण. १९८७ पासून तर जपान सरकार परदेशातल्या तरुण-तरुणींना बोलावून शाळांमध्ये मुलांशी इंग्रजी बोलायला ठेवतं. २०२० पासून पाचवी-सहावीलाही इंग्रजी हा रीतसर विषय झाला.

तिथल्या इंग्रजी संभाषणाच्या एका पहिल्यावहिल्या पुस्तकाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. मांजिरो नावाचा एक गरीब कोळ्याचा पोर होता. १८४१ साली, चौदा वर्षांचा असताना, वादळात त्याची होडी भरकटली आणि तो सोबत्यांसह एका ओसाड बेटावर अडकला. देवमासे पकडणाऱ्या एका अमेरिकन जहाजानं त्यांना वाचवलं. कप्तान व्हिटफील्डनं मांजिरोला अमेरिकेत नेऊन शाळेत घातलं. त्याला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं! ऐकत, चुकत, पुन्हा बोलत तो शिकला. त्या काळी परदेशी गेलेल्या जपानी माणसाला घरी परतण्याची बंदी होती. तरीही १८५१ मध्ये तो जिवावर उदार होऊन परतला. पुढे १८५९ मध्ये त्यानं जपानी लोकांसाठी इंग्रजी संभाषणाचं पुस्तक लिहिलं. आणि मांजिरो समुद्रात सापडला, त्या १८४१ साली आपल्या नगरमध्येही सिंथिया फरार ही अमेरिकन बाई मुलींच्या शाळा चालवत होती, बरं का!

आता समजा, सुप्याच्या त्या साहेबांना इंग्रजी बोलायला शिकवायचं काम तुमच्याकडेच आलं. कुठे अडेल?

पहिली अडचण उच्चारांची. जपानीत ‘र’ आणि ‘ल’ असे वेगळे आवाज नाहीत. शिवाय ‘न्’ सोडला तर बहुतेक शब्द स्वरावरच संपतात. त्यामुळे मिल्कचं होतं ‘मिरुकु’, हॉटेलचं ‘होतेरु’ आणि बसचं ‘बासु’. हसू नका हं! आपणही स्टेशनचं ‘ठेसन’, ग्लासचं ‘गिलास’ आणि बॉटलची ‘बाटली’ केलीच की. परका शब्द घरात आला की घरचे कपडे घालतो.

दुसरी अडचण ‘हाइ’ची. जपानीत ‘हाइ’ म्हणजे ‘हो’. तुम्ही बोलत असता आणि समोरचे साहेब ‘हाइ, हाइ’ म्हणत मान हलवतात. तुम्हाला वाटतं, कबूल झालं सगळं! पण त्याचा अर्थ बरेचदा एवढाच, की ‘ऐकतोय, पुढे बोला’. आपली आजी गोष्ट ऐकताना ‘हं, हं’ करते ना, तसंच.

तिसरी अडचण फार मजेची. इंग्रजीत विचारलं, ‘डोन्ट यू वॉन्ट टी?’ नको असेल तर इंग्रज म्हणतो, ‘नो.’ जपानी माणूस म्हणतो, ‘यस.’ म्हणजे ‘हो, बरोबर आहे तुमचं, नकोच.’ मग आपण काय म्हणतो? ‘चहा नको का?’ ‘हो, नको.’ म्हणजे इंग्रजी बोलताना सुपेकर आणि जपानी एकाच खड्ड्यात पडतात! आणि जो त्याच खड्ड्यातून बाहेर आलाय, तोच दुसऱ्याला चांगला हात देऊ शकतो.

कारण मराठी आणि जपानी या नात्याच्या भाषा नसल्या, तरी त्यांची चाल पुष्कळ सारखी आहे. ‘वाताशि वा होन ओ योमिमासु’ म्हणजे ‘मी पुस्तक वाचतो’. वाताशि म्हणजे मी, होन म्हणजे पुस्तक, योमिमासु म्हणजे वाचतो. क्रियापद आपल्यासारखं शेवटी! आपले प्रत्यय नामामागून येतात, तसेच त्यांचेही. ‘तोक्यो नि’ म्हणजे तोक्योला. आणि प्रश्न कसा विचारतात? ‘कोरे वा होन देसु का?’ ‘हे पुस्तक आहे का?’ शेवटी चक्क ‘का’! ‘आज गरम आहे, ना?’ यातल्या ‘ना’च्या जागी ते म्हणतात ‘ने’. हा निव्वळ योगायोग, पण किती गोड!

एक गोष्ट मात्र योगायोगाची नाही. जपानी मुलं अक्षरं कशी घोकतात, पाहा: आ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ऐकल्यासारखं वाटतं ना? बौद्ध धर्माबरोबर संस्कृत लिहिण्याची सिद्धम् लिपी भारतातून चीनमार्गे जपानला गेली. तिच्या अभ्यासातून जपानी अक्षरांचा हा क्रम ठरला. म्हणजे त्यांच्या बाराखडीत आपली वर्णमाला लपलेली आहे.

तर दोस्तांनो, आज घरी एक खेळ खेळा. दोघांनी समोरासमोर बसायचं आणि दहा मिनिटं फक्त इंग्रजीत बोलायचं. अट एकच: चूक झाली तरी थांबायचं नाही आणि समोरच्याला हसायचं नाही. शब्द अडला तर हातवारे करा, चित्र काढा. आई-बाबांनाही खेळात घ्या. त्यांच्या पोटातही जुना गोळा असेल!

आणि पुढे कधी सुप्याच्या फाट्यावर एखादे जपानी पाहुणे भेटलेच, तर किंचित वाकून म्हणा, ‘कोन्निचिवा!’ म्हणजे नमस्कार. मग बिनधास्त इंग्रजी सुरू करा. ते चुकतील, तुम्हीही चुकाल. पण बोलणं तर होईल!