आजीचा टॉवेल

ओल्या टॉवेलचं वजन कधी केलंय? मी केलं. आमच्या घरचा जाड टेरी टॉवेल कोरडा असताना अर्ध्या किलोच्या आत भरला, भिजवून थोडा निथळल्यावर दीड किलोच्या पुढे.

अर्धांगाच्या झटक्यानंतर आजीच्या उजव्या हातात जोर उरलेला नाही. बाकी सगळी मदत ती घेते, पण "माझा टॉवेल मीच पिळणार" यावर ठाम आहे. तो नीट पिळला जात नाही, दोरीवर गळत राहतो आणि संध्याकाळी कुबट वास मारतो. आईने गुपचूप पिळला तर आजीला बरोबर कळतं. मग रात्री जेवताना कोणी फारसं बोलत नाही.

टॉवेलचा यात दोष नाही. टेरीच्या ताण्यात धाग्यांचे दोन संच असतात, एक ताणलेला आणि एक सैल. साधारण तीन बाणे टाकून फणी एकदम पुढे ठोकली की सैल धाग्यांचे फुगे वर येतात, आणि पाणी त्या फुग्यांत बसतं. सोलापूरच्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालंय ते उगाच नाही. फक्त त्याला दोन धडधाकट मनगटं लागतात.

मी हातमाग शिकते. इंदूरात हातमाग म्हटलं की लोकांना महेश्वरची साडीच आठवते. टॉवेल विणते म्हटल्यावर काकू म्हणाली, "एवढी खटपट करून टॉवेल?" माझ्या मते साडीपेक्षा टॉवेल अवघड. साडी नुसती सुंदर असली तरी खपते, टॉवेलला काम करून दाखवावं लागतं.

माझा माग टेबलावरचा, आठ शाफ्टचा. शाफ्ट म्हणजे ठरावीक धागे एकदम वर उचलणारी चौकट. कोणता धागा कोणत्या शाफ्टमधून ओवायचा हे आधी चौकटीच्या कागदावर मांडायचं, खरं डिझाइन तिथेच होतं. वीस नंबरचं दोनपदरी सूत घेतलं, इंचाला 30 धागे, रुंदी 20 इंच. म्हणजे 600 धागे, एकेक करून हुकाने ओवायचे. त्यात तीन संध्याकाळी गेल्या.

धागे एक ते आठ आणि परत मागे, असे डोंगरासारखे ओवले की त्याच ताण्यावर नुसते शाफ्ट उचलायचा क्रम बदलून वेगवेगळी विण निघते. आधी साधी विण केली. आजीने ती हातात घेतली आणि म्हणाली, "अगं, हा तर पंचा." पिळायला सोपा, पण तिच्या केसांना पुरेना. मग वॉफल विण केली. खोलगट खण आणि त्यांना उंच कडा. पाणी झटकन टिपते, खणांत हवा खेळते आणि कापड जड होत नाही. मागावरून उतरवून धुतल्यावर ती चांगलीच आक्रसते, 20 इंचाचं कापड 16 च्या आसपास आलं.

आजीला हे आवडलं. पण तिच्या पाटल्या त्यात अडकायला लागल्या.

कारण सरळ होतं. आठ शाफ्टवर एक खण 14 धाग्यांचा होतो आणि त्याच्या कडेला जवळजवळ अर्धा इंच धागा सुटा राहतो. पाटल्या काढ असं आजीला कोण सांगणार! पुढच्या ताण्याला पाचच शाफ्ट वापरले. खण 8 धाग्यांचा झाला, सुटा धागा पाव इंचाच्याही आत आला. खण उथळ झाल्याने पाणी थोडं कमी टिपतं, पण काही अडकत नाही. दोन्ही टोकांना साध्या विणीची पट्टी ठेवली आणि एका कोपऱ्यात नाडीचा फास शिवला, डाव्या हाताने खिळ्याला अडकवता येईल एवढा मोठा.

ती तो नळाला मधोमध अडकवते आणि दोन्ही टोकं डाव्या हातात धरून पीळ देते. थोडं पाणी राहतं, पण दुपारच्या चहापर्यंत टॉवेल वाळलेला असतो. आता तिला अजून दोन हवेत, एक ग्वाल्हेरच्या मावशीआजीसाठी. काठ लाल पाहिजे म्हणते, आणि रंग जाता कामा नये.