चौदा इंची चाकं

एसटीच्या दापोडी कार्यशाळेत ज्याची उभी नोकरी टायर विभागात झाली, त्याला कुठलीही गाडी दिसली की खाली वाकून बघायची सवय कायमची लागते. श्टुटगार्टमध्ये लेकीच्या दारात उभी असलेली पोलो पाहिली, तेव्हा मीही आधी वाकलोच. ऑक्टोबर 2024चे पहिले दिवस होते. गाडी 2013ची, दुसऱ्याकडून घेतलेली; पण टायरची नक्षी छान खोल होती, भिंतीला कुठे फुगवटा नव्हता की चीर नव्हती. ‘अजून दोन वर्षं बघायला नको,’ मी म्हणालो. लेक हसली. ‘बाबा, हे उन्हाळ्याचे आहेत. महिनाभरात उतरवून ठेवायचेत.’

धडधाकट टायर उतरवून ठेवायचे! आपल्याकडे टायर गोटा होईपर्यंत पळतो. एसटीत तर त्यानंतर तो रिमोल्डला जातो आणि नवी नक्षी घेऊन पुन्हा रस्त्यावर येतो. टायरला ऋतू असतात हे मी ऐकून होतो, पण ते थंड देशातल्या श्रीमंतांचं कौतुक असावं अशीच माझी समजूत होती.

अमुक तारखेपासून हिवाळी टायर लावा, असं जर्मनीचा कायदा सांगत नाही. रस्त्यावर बर्फ असेल, बर्फाचा चिखल असेल किंवा गोठलेला निसरडा थर असेल, तर हिवाळी टायरशिवाय गाडी चालवायची नाही, असा 2010पासूनचा स्पष्ट नियम आहे. मोडला तर 60 युरो दंड आणि चालकाच्या नावावर एक दोषगुण. आपल्यामुळे इतरांची वाट अडली तर 80 युरो. अपघात झाला तर विमा कंपनीही हात आखडता घेऊ शकते. आता बर्फ काही आदल्या दिवशी निरोप धाडून पडत नाही. म्हणून इथल्या लोकांनी स्वतःपुरता एक संकेत ठरवला आहे: ‘ओ ते ओ’, म्हणजे ऑक्टोबर ते ओस्टर्न. ओस्टर्न म्हणजे ईस्टर. मी मनातल्या मनात त्याचं दसरा ते गुढीपाडवा करून टाकलं.

गाडीच्या आधीच्या मालकाने चार टायर तळघरात ठेवून दिले होते. त्यांच्या भिंतीवर ‘एम+एस’ अशी अक्षरं होती, म्हणजे चिखल आणि बर्फ. लेकीला वाटत होतं, यंदाची सोय झाली. शेजारच्या गृहस्थांनी मात्र टॉर्च मारून ते बघितले आणि मान हलवली. तेही निवृत्त, मोटारींच्या कारखान्यात आयुष्य काढलेले. मला जर्मन येत नाही, त्यांना मराठी येत नाही, मध्ये लेक दुभाषी. त्यांचं म्हणणं असं की, एम+एस हा शिक्का कारखानदार आपल्या हाताने मारतो, त्यामागे बर्फावरची कुठलीही सक्तीची परीक्षा नाही. परीक्षेला उतरलेल्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी असते. जानेवारी 2018पासून बनलेल्या टायरला ती खूण असेल तरच इथे तो हिवाळी मानतात. त्याआधीच्या नुसत्या एम+एसला सवलत होती, ती 30 सप्टेंबर 2024ला संपली. म्हणजे आम्ही तळघरात उभे होतो त्याच्या जेमतेम आठवडाभर आधी. मी भिंतीवरचे चार आकडे वाचले: 3816. सन 2016चा अडतिसावा आठवडा. हे वाचायला कुणाची गरज नव्हती. आठ वर्षांचं रबर, सवलत असती तरी मी ते लेकीच्या गाडीला लावू दिलं नसतं.

तरीही ‘आहेत ते उन्हाळी टायर जपून चालवले तर?’ हा प्रश्न माझ्या मनातून गेला नव्हता. तो गेला दिवाळीच्या चार दिवस आधी, नोया वाइनश्टायगे या रस्त्यावर. श्टुटगार्टचं मध्य शहर वाटीच्या तळाशी आहे आणि वस्ती वाटीच्या काठाकाठाने वर चढत गेली आहे. खालून वर जाणाऱ्या अशा चढाच्या रस्त्यांना तिकडे ‘श्टायगे’ म्हणतात. सरळ मराठीत, घाट. सकाळी 3 अंश तापमान होतं, रस्ता ओला, कडेला पानांचा खच. उतारावर सिग्नल लाल झाला, लेकीने वेळेत ब्रेक दाबला. पायाखाली एबीएसची थरथर सुरू झाली आणि गाडी थांबायची तिथून हातभर पुढे जाऊन थांबली. पुढे कुणी नव्हतं. पानांचाही त्यात वाटा होता, हे खरं. पण घरी आल्यावर मी नक्षीचा एक ठोकळा अंगठ्याने दाबून बघितला. आदल्या आठवड्यात दुपारच्या उन्हात दबला होता तसा तो दबेना.

मला कळायला हवं होतं ते तिथे कळलं. आम्ही आयुष्यभर टायरची नक्षी मोजली. इथे आधी रबर बघावं लागतं. उन्हाळी टायरचं मिश्रण तापलेल्या डांबरावर तग धरायला बनवलेलं असतं, आणि तेच थंडीत ताठर होत जातं. ताठर रबर रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरत नाही, वरच्या वर सरकतं. हिवाळी टायरचं मिश्रण सिलिका आणि नैसर्गिक रबराचं प्रमाण सांभाळून असं करतात की ते शून्याखालीही मऊ राहतं. 7 अंशांखाली हिवाळी टायर, असा एक ठोकताळा इथे सगळ्यांच्या तोंडी असतो. ती काही लक्ष्मणरेषा नव्हे. कोरड्या रस्त्यावर चांगला उन्हाळी टायर त्याखालीही नीट थांबतो. पण एबीएस असलं म्हणजे झालं, हा समज मात्र चुकीचा. ही यंत्रणा याच श्टुटगार्टच्या बॉश कंपनीने 1978मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये बाजारात आणली. ती चाक जाम होऊ देत नाही, त्यामुळे गाडी वळवता येते. पकड मात्र रबराकडूनच यायला हवी. नसलेली पकड ती कुठून आणणार?

दुसरी गोष्ट खाचांची. हिवाळी टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर नागमोडी, केसासारख्या बारीक चिरा असतात. चाक टेकलं की ठोकळा किंचित वाकतो, चिरा उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला नखासारख्या धरतात. मोठ्या खाचांचं काम मला सगळ्यात नवलाचं वाटलं. चिखलात चालणाऱ्या टायरची खाच स्वतःला झटकून मोकळी करणारी हवी, हे आमच्याकडे शिकाऊ पोरालाही माहीत असतं. खाच भरली की टायर घसरलाच. बर्फात नेमकं उलटं. खाचेत बर्फ ठासून बसावा लागतो, कारण बर्फाला बर्फ जसा धरतो तसं रबर धरत नाही. शेजाऱ्यांनी दोन्ही हातांनी बर्फाचा गोळा दाबून दाखवल्याचा अभिनय केला. गोळा चिकटून राहतो, तसंच.

मग बाराही महिने चालणारे टायर का नकोत? त्यांचा विचार झाला. 2015मध्ये मिशलँने क्रॉसक्लायमेट आणला, तेव्हापासून डोंगर-चांदणीची खूण असलेले असे टायर युरोपात बरेच वाढले आहेत आणि जो सपाट शहरात थोडाच फिरतो त्याला ते पुरतातही. लेक फिजिओथेरपिस्ट आहे. आठवड्यातून तीन दिवस तिला बाड उराखवरून घाट चढून श्वेबियन पठारावर म्युन्सिंगेनला जावं लागतं. ते गाव 700 मीटर उंचीवर आहे. खाली श्टुटगार्टात पाऊस असतो तेव्हा वर बर्फ असतो. तिला दोन संच हवेत, यावर आम्हा दोघा म्हाताऱ्यांचं भाषेविना एकमत झालं.

दुसऱ्या टोकाला फिनलंडचे टायर. हिवाळी टायरचा जन्मच तिकडचा: नोकिया गावच्या कारखान्याने 1934मध्ये मालमोटारींसाठी पहिला हिवाळी टायर केला आणि 1936मध्ये मोटारींसाठी हाकापेलिट्टा. उत्तरेकडचे फार मऊ टायर गोठलेल्या तळ्यासारख्या रस्त्यावर राज्य करतात, पण मध्य युरोपचा हिवाळा बहुतेक दिवस नुसता ओला असतो आणि ओल्या महामार्गावर ते कमी पडतात. खिळ्यांचे टायर तर जर्मनीत 1975पासून बंद आहेत. म्हणून निवडताना आम्ही डोंगराची खूण बघितली आणि त्याच्या जोडीला युरोपीय लेबलावरची ओल्या रस्त्यावरच्या पकडीची श्रेणी. माझ्या मते या हवामानात ती श्रेणी आवाजाच्या आणि इंधनाच्या श्रेणीच्या आधी वाचावी.

चाकाच्या मापावरून मात्र घरात वाद झाला. गाडीला 215/45 आर16 होते, चकचकीत अलॉयवर. लेकीला हिवाळ्यातही तसंच देखणं चाक हवं होतं. नोंदणीच्या कागदावर एकच माप असतं; कंपनीच्या अनुरूपता प्रमाणपत्रात मान्य असलेली बाकीची मापं सापडली: 185/60 आर15 आणि 175/70 आर14. मी कागद-पेन्सिल घेतली. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के. शेवटचा रिमचा व्यास, इंचात. सोळा इंचीचा एकूण व्यास 600 मिलिमीटर, पंधरा इंचीचा 603, चौदा इंचीचा 601. रिम लहान झालं तरी चाक तेवढंच राहतं, म्हणून वेगाचा काटाही खोटं बोलत नाही.

फरक पडतो तो रबराच्या भिंतीत. सोळा इंचीची भिंत 97 मिलिमीटर, चौदा इंचीची 122. बर्फाखाली दडलेल्या फुटपाथच्या कडेवर चाक आपटलं तर तो इंचभर जास्तीचा रबर रिम वाचवतो. अरुंद टायर पातळ बर्फाचा चिखल कापत खालच्या डांबरापर्यंत लवकर पोचतो. आणि पैसे: चौदा इंची उत्तम टायर साधारण 70 युरोला एक मिळत होता, सोळा इंचीला त्याच कंपनीचा जवळपास दुप्पट. ‘रिमवर घालायचे पैसे रबरात घाल,’ एवढंच मी म्हणालो. रस्त्यावर इथे मीठ टाकतात. अलॉयच्या लाखेला टवका उडाला की ते आत शिरतं. काळी लोखंडी डिस्क दिसायला साधी, पण जोरात आपटली तर वाकते, चटकन तडकत नाही. लेक दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी तिने चौदा इंची मागवले: 84टी, म्हणजे एका टायरवर 500 किलोचा भार आणि ताशी 190 किलोमीटरची मर्यादा. तिच्या गाडीला दोन्ही भरपूर.

लोखंडी डिस्क 5जे×14, पाच भोकं 100 मिलिमीटरच्या वर्तुळावर, मधलं भोक 57.1. सगळं जुळलं. शनिवारी सकाळी अंगणात जॅक लावून पहिलं अलॉय उतरवलं आणि तिथेच काम थांबलं. शेजाऱ्यांनी अलॉयचा एक बोल्ट माझ्या हातात दिला आणि नव्या डिस्कच्या भोकावर बोट फिरवलं. बोल्टचं बूड शंकूसारखं निमुळतं होतं, भोकाची बैठक मात्र वाटीसारखी गोल. आटे तेच, एम14. बोल्ट आत गेलाही असता, आवळलाही असता. पण शंकू वाटीत कडेवरच टेकतो, पूर्ण बसत नाही, आणि धावता धावता सैल होतो. आधीच्या मालकाने बाहेरचे अलॉय बसवले होते, त्यांचे हे बोल्ट. फोक्सवागनच्या डिस्कला गोल बुडाचे लागतात. असे वीस बोल्ट आणायला लेक अलॉय परत चढवून बाजारात गेली. माझ्या अंगावर काटा आला होता. नट बसले म्हणजे धरले असं नव्हे, हे मी किती पोरांना सांगितलं असेल, आणि इथे माझीच नजर चुकली होती.

दुपारी चारही चाकं चढली. बोल्ट आडव्या-तिडव्या क्रमाने, शेवटचा आवळा टॉर्क पान्याने, 120 न्यूटन-मीटर. हवा थंड टायरमध्ये बघितली, कारण तापमान 10 अंशांनी उतरलं की साधारण 0.1 बार दाब कमी होतो. उतरवलेल्या अलॉयवर लेकीने खडूने लिहिलं: पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं डावं, मागचं उजवं. मराठीतच लिहिलं. पन्नास किलोमीटर झाल्यावर बोल्ट पुन्हा तपासले; एक किंचित फिरला, बाकी पक्के.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बर्फ पडला. लेकीने मला म्युन्सिंगेनला नेलं. बाड उराखच्या पुढे झाडांच्या फांद्या रस्त्यावर झुकलेल्या, डांबर दिसेनासं झालेलं. मी दाराची कडी धरून बसलो होतो. घाटाच्या एका वळणावर एक मोठी गाडी तिरकी होऊन अडकली होती. लेक अलगद बाजूने गेली. वर पोचल्यावर एका मोकळ्या पार्किंगमध्ये तिने वेग ताशी 30 केला आणि ब्रेक दाबला. पायाशी थरथर झाली, गाडी नाकासमोर सरळ राहून थांबली. तिने आणखी दोनदा करून दाखवलं, लहानपणी सायकल शिकल्यावर दाखवायची तशी.

मी उतरलो आणि सवयीने चाकाशी वाकलो. सगळ्या खाचा पांढऱ्या बर्फाने गच्च भरल्या होत्या, नक्षी दिसतच नव्हती. खिशातून किल्ली काढली आणि पहिली खाच उकरायला लागलो.

‘बाबा,’ लेक काच खाली करून म्हणाली, ‘राहू दे. त्याच्याच जोरावर तर परत जायचंय.’