रेघ निवडताना

चित्रकथेचे एक पान वाचायला अर्धे मिनिट पुरते. ते काढायला मला तीन-चार दिवस लागतात. कळवणसारख्या गावी राहून हे काम करणाऱ्याला ‘एवढा वेळ कशात जातो?’ हा प्रश्न अनेकदा ऐकावा लागतो. हात चालवण्यापेक्षा निवड करण्यात अधिक वेळ जातो, हे त्याचे उत्तर.

माझ्या पिढीला या माध्यमाची गोडी ‘अमर चित्रकथे’ने लावली. अनंत पै यांनी १९६७ साली सुरू केलेल्या या मालिकेतील ‘कृष्ण’ राम वाईरकरांनी चितारला. प्रताप मुळीक यांच्या कुंचल्यानेही तिला रूप दिले. तेव्हा मी त्यांत गोष्ट पाहत असे; आता रेघ पाहतो.

पान काढताना आधी चौकटी ठरतात. मूळ पान मी छापील पानाच्या दीडपट घेतो. ते लहान होऊन छापले गेले, की हाताचा कंप झाकला जातो. मात्र फार जवळच्या रेघा मिसळून तिथे काळा डाग उमटतो. संवादांची जागाही आधीच राखावी लागते. देवनागरीच्या ओळीला वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार असल्याने तिला अधिक उंची लागते. मग पेन्सिल. ती उदार असते. एका गालासाठी चार रेघा काढल्या तरी चारही नांदतात. शाईला असे चालत नाही. त्या चारांतील एकच रेघ कुंचल्याने उचलायची. जवळच्या आकृतीला जाड, दूरच्या डोंगराला बारीक. शाई वाळली की खोडरबर फिरवायचा. शाईची चूक पांढऱ्या रंगाने झाकता येते. पुसलेली पेन्सिल मात्र परत येत नाही.

सध्या माझ्यासमोर असलेल्या पानावर आई आहे. चणकापूरच्या कालव्याचे पाणी वाफ्यात सोडलेले आणि ती ओणवी होऊन कांद्याची रोपे लावते आहे. तिचे एकही छायाचित्र आमच्या घरी नाही. थोरल्या बहिणीला ती हसरी आठवते, मला थकलेली. पेन्सिलीत दोन्ही चेहरे एकमेकांवर पडले होते आणि शाई एकच चेहरा मागत होती. कोणताही निवडला, तरी घरातल्या एकाची आई पुसली जाणार होती.

अखेर मी एका चौकटीच्या दोन केल्या. पहिलीत ती रोपांची जुडी हाती घेऊन कुणाशी तरी हसते आहे; दुसरीत तोच वाफा, तेच हात, पण चेहरा उतरलेला. मध्ये बोटभर कोरी पट्टी. शाई वाळल्यावर पान बहिणीला दाखवले. ती बराच वेळ पाहत राहिली. मग त्या कोऱ्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाली, “अरे, इथं किती वर्षं गेली तिची!”

त्यानंतर मी पेन्सिल पुसली.