सहा घरांची एक मंडळी

आमच्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी दोन. एक मोरगावची, रेल्वेवरची. दुसरी आमची, हमरस्त्यावरची म्हणून सडक अर्जुनी. नवखा पाहुणा हमखास भलत्याच अर्जुनीला उतरतो आणि मग घरच्यांची धावपळ! नाव एक, गावं दोन. पण नाव नि घर वेगवेगळी असलेली माणसं एकत्र कशी आली, ते मी या सुट्टीत नागपूरला पाहिलं.

साकोली, लाखनी, भंडारा करत एस.टी. नागपूरला पोचली. सोबत शाळेतल्या एक ख्रिस्ती बाई होत्या. खरेदी आटोपल्यावर त्या म्हणाल्या, "चला, आमचं देऊळ दाखवते." त्यांनी मला सदरमधल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये नेलं. बाहेर गाड्यांचा गोंगाट. आत मात्र गारवा आणि शांतता.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी इथेच 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाली. अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथॉडिस्ट आणि डिसायपल्स अशा सहा मंडळ्या एक झाल्या. बोलणी सुरू झाली होती १९२९ साली. म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त! आपल्याकडे दोन जावांची चूल एक करायची तरी किती बैठका होतात, मग हे तर सहा घरांचं.

अडचणी साध्या नव्हत्या. कुणाकडे बिशप, कुणाकडे वडीलजनांचा कारभार, तर कुठे सारा निर्णय मंडळीचा. नव्या घटनेत तिन्हींना जागा मिळाली. पाळकांचा प्रश्न त्याहून नाजूक होता. कुणाची दीक्षा खरी आणि कुणाची कमी? त्यावर तोड अशी निघाली, की सर्व परंपरांच्या पाळकांच्या मस्तकांवर हात ठेवून एकत्र प्रार्थना करायची. कुणालाच 'तुमचं आधीचं खोटं' असं म्हणायचं नाही.

"आणि बाप्तिस्मा?" मी विचारलं. बाई हसल्या. त्यांचं माहेर प्रेस्बिटेरियन, तिथे तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो. सासर ओडिशाकडचं बॅप्टिस्ट. तिथे जाणत्या वयात स्वतः कबुली दिल्यावरच. मुलगा झाला तेव्हा आई म्हणे लगेच करा, सासूबाई म्हणत थांबा. महिनाभर दोघी एकमेकींशी धड बोलल्या नाहीत. या मंडळीत दोन्ही रीती मान्य आहेत, म्हणून वाट निघाली. बाळासाठी आशीर्वादाची प्रार्थना झाली. सोळाव्या वर्षी त्यानं आपणहून बाप्तिस्मा मागितला, तेव्हा दोन्ही आज्या पहिल्या बाकावर होत्या.

सगळेच मात्र आले नाहीत. अमेरिकन परंपरेची मोठी मेथॉडिस्ट मंडळी १९७० मध्ये ऐनवेळी बाजूला झाली. ती आजही वेगळी आहे. कॅथलिक तर या एकीत नव्हतेच. त्यांचं सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल याच सदर भागात आहे.

परतताना मला लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. नारायणरावांच्या हाती बायबल पडलं ते नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत, म्हणजे आमच्या गोंदियावरूनच जाणाऱ्या रुळांवर! १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली पाच वर्षं त्या माउलीनं काय सोसलं, ते 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या मैत्रिणींना सांगायला नको. त्यांचं लग्न टिकलं, कारण घाई कुणी केली नाही. सहा मंडळ्यांनीही तेच केलं, असं मला वाटलं.

लग्नाच्या खरेदीला सीताबर्डीवर जाल, तेव्हा तासभर वेळ काढून सदरला जरूर जा. उपासना चालू असेल तर मागच्या बाकावर गुपचूप बसावं. आणि घरी दोन जावांचं, नाहीतर आई नि सासूबाईंचं काही अडलं असेल, तर परतीच्या एस.टी.त त्यावर थोडा विचार करावा. मी तरी केला.